ओठ न मिटवता : एका प्रयोगशील लेखिकेचे व्याख्यान

दरवर्षी १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात नागपुरातील बहुतेक महाविद्यालयांत मराठीवर एखादे तरी व्याख्यान होते, आणि त्यांतली पुष्कळशी व्याख्याने नंतर मिळणाऱ्या चहाइतकीही लक्षात राहत नाहीत. यंदा पश्चिम नागपुरातील एका महाविद्यालयात पुण्याहून आलेल्या एका प्रयोगशील कादंबरीकार बाईंचे व्याख्यान मी ऐकले आणि ते लक्षात राहिले, म्हणून हा अभिप्राय लिहितो आहे. कार्यक्रम विनामूल्य आणि सर्वांसाठी खुला होता. तरीही सकाळचे अडीच तास खर्ची घातलेल्या माणसाला त्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार असतो, असे मी समजतो. बरे आणि वाईट दोन्ही लिहायचे असल्यामुळे महाविद्यालयाचे आणि पाहुण्यांचे नाव घेतलेले नाही. माझ्याविषयी एवढे सांगितले पाहिजे की मी तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, विरामचिन्हे गाळणाऱ्या लेखकांनी माझे डोळे पुष्कळ शिणवले आहेत, आणि ‘प्रयोग’ हा शब्द कानावर पडला की माझा हात अजूनही आपोआप लाल पेनाकडे जातो.

वेळ अकराची दिली होती. सभागृह स्वच्छ होते, खुर्च्या पुरेशा होत्या आणि जानेवारी असल्याने पंख्यांचा आवाज नव्हता. व्यवस्थेची स्तुती येथे संपते. सुरुवात झाली अकरा चाळीसला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, कुंडीतले रोप, प्रास्ताविक आणि मग परिचय, अशा क्रमाने आणखी पाऊण तास गेला. परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी लेखिकेच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या पुरस्कारांची यादी अधिक तपशिलाने वाचली, आणि त्या ओघात त्यांना कधी ‘प्रायोगिक लेखिका’ तर कधी ‘प्रयोगशील लेखिका’ म्हटले. हे दोन शब्द एक नाहीत. ‘प्रायोगिक’ हे विशेषण मराठीत रंगभूमीला चिकटून बसले आहे आणि त्याला छोट्या नाट्यगृहाचा, कमी प्रेक्षकांचा वास येतो. ‘प्रयोगशील’ हा माणसाच्या स्वभावाचा भाग असतो. पाहुण्यांनी स्वतःसाठी कोणता शब्द निवडला असता हे त्यांना विचारायला हवे होते, पण तोपर्यंत त्यांच्या हातात माइक आला आणि घड्याळात बारा पंचवीस झाले होते.

व्याख्यानाचा पहिला भाग मला आवडला नाही. त्यांनी कागद काढून वाचायला सुरुवात केली. कादंबरी म्हणजे काय, वाचकाची सवय म्हणजे काय, रूप आणि आशय वेगळे करता येतात की नाही, असे सगळे मोठे प्रश्न एकापाठोपाठ एक आले आणि एकाचेही उदाहरण आले नाही. बीएच्या पहिल्या वर्षाची मुले समोर बसली होती. त्यांच्या रांगांमधून हजेरीचा कागद फिरत होता, आणि जिकडे कागद जाई तिकडे माना वळत, हे मी मागून स्पष्ट पाहत होतो. व्याख्यान चालू असताना हजेरीचा कागद फिरवणे ही वक्त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात घडते.

याच भागात त्यांनी एक विधान केले, त्यावर मला थोडे थांबावेसे वाटते. मराठी गद्यातला प्रयोग साठच्या दशकात, लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापितांना नाकारून निघालेल्या छोट्या मासिकांच्या चळवळीबरोबर सुरू झाला, असे त्या म्हणाल्या. त्या दशकाचे मोल कोणी नाकारणार नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ सालची आहे आणि तिच्यानंतर मराठी कादंबरीचे वाक्य पूर्वीसारखे राहिले नाही. परंतु मर्ढेकरांनी संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे मनात येतील तसे विचार टिपण्याच्या वाटेने जाणारी कादंबरी ‘रात्रीचा दिवस’ त्याआधी दोन दशके, १९४२ मध्ये लिहिली होती. आणि नागपुरात उभे राहून हे विधान करताना तर फार दूर जायची गरज नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा आणि चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’चा संबंध मराठीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवला जातो. तेराव्या शतकातले ते पुस्तक आज कोणी नव्याने लिहून प्रकाशकाकडे नेले, तर त्यावर पहिला शिक्का प्रयोगशीलतेचाच बसेल : सलग कथानक नाही, चार-सहा ओळींपासून पान-दोन पानांपर्यंतचे सुटे प्रसंग, ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून गोळा केलेले. मूळ पोथी हरवल्यावर शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, असे चक्रधरांच्या महानुभाव पंथाची परंपरा सांगते, आणि म्हणून एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ त्यात जपलेले आढळतात. ज्याने आयुष्यभर पाठभेद तपासले त्याला हे पुस्तक किती जवळचे वाटते, हे मी वेगळे सांगायला नको. त्यात भर म्हणजे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. एवढे सगळे उशाशी असताना साठच्या दशकापासून मोजणी सुरू करणे म्हणजे घरच्या आडाकडे पाठ करून नळाची वाट पाहण्यासारखे आहे.

बारा पन्नासच्या सुमारास माइक बंद पडला, आणि हा कार्यक्रम त्यामुळेच वाचला. तंत्रज्ञाला शोधायला माणूस गेला, व्यासपीठावर कुजबुज सुरू झाली. लेखिकेने मात्र कागदांची घडी करून पिशवीत टाकली, त्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि बाजूच्या फळ्यावर पाच अक्षरे लिहिली : प फ ब भ म. “ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरे निघत नाहीत. पुढची दहा मिनिटे आपण ओठ मिटायचे नाहीत. आपापल्या घराविषयी किंवा मोहल्ल्याविषयी चार वाक्ये लिहा, त्यांत ही पाच अक्षरे येता कामा नयेत.” त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता, हेही तेव्हाच कळले.

पहिली हरकत लगेच आली. एका मुलाने उभे राहून सांगितले की ‘फोन’ म्हणताना त्याचे ओठ मिटत नाहीत. त्या म्हणाल्या, “आता ‘फळा’ म्हणून पाहा.” सभागृहात शंभर-दीडशे तोंडे एकाच वेळी ‘फोन-फळा, फोन-फळा’ पुटपुटू लागली, आणि काही जणांचे ओठ दोन्ही वेळा उघडेच राहतात असे आढळल्यावर तो वाद मोकळा सोडून त्यांनी ‘फ’ ऐच्छिक केला. भाषाशास्त्राच्या तासाला जे महिनाभर समजावून सांगावे लागते ते दोन मिनिटांत ओठांवर आले. ‘व’चे काय, असेही कोणी विचारले, ‘व’ला त्यांनी सूट दिली, कारण तोही काढला तर दहा मिनिटांत काहीच लिहून होणार नाही.

पहिला धक्का बसला तो गावाच्या नावाचा. ‘नागपूर’ लिहिता येत नाही; ‘नाग’ उरतो आणि ‘पूर’ जातो. मग महाल गेला, सीताबर्डी गेली, धरमपेठ, खामला, अंबाझरी, फुटाळा एकेक करून गेले, आणि शहराच्या नकाशावर इतवारी, सदर, धंतोली, हिंगणा असे काही ठिपके उरले. मुले एकमेकांना विचारून वस्त्या तपासत होती. कोणाचा मोहल्ला वाचला आणि कोणाचा बुडाला यावरून हशा होत होता. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने ‘गांधीसागर’ शाबूत आहे हे शोधून काढले, तेव्हा तिला दोन लाख मिळाल्यासारखा आनंद झाला.

दुसरी गोष्ट अधिक खोल होती. या नियमात ‘मी’ हा शब्द वापरता येत नाही. ‘मला’, ‘माझा’, ‘आम्ही’, ‘आपण’ हेही नाहीत. एका मुलाने वाचले : “सकाळी उठतो, आंघोळ करतो, रस्त्यावर येतो, चहा घेतो, कॉलेजला जातो.” लेखिकेने विचारले, “कोण?” तो म्हणाला, “मी, मॅडम.” त्या म्हणाल्या, “वाक्यात कुठे आहे? तुझा शेजारीही असेच करत असेल.” मराठीत वर्तमानकाळी ‘मी जातो’ आणि ‘तो जातो’ यांचे क्रियापद एकच असते, ‘मी जाते’ आणि ‘ती जाते’ यांचेही, कर्ता पुसला की करणारा कोण ते कळत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे मी शेकडो वेळा पाहिले असेल, पण त्या मुलाच्या पाच क्रियापदांतून तो स्वतःच निसटून गेलेला आहे हे ऐकताना मला पहिल्यांदा जाणवले. त्यावर लेखिकेने त्याला एकच सूचना केली : “भूतकाळात लिही. ‘उठलो, गेलो’ असे म्हटलेस की ‘मी’ न लिहिताही तू परत येशील.” लेखनाच्या शिकवणीतली इतकी नेमकी सूचना मी क्वचित ऐकली आहे.

मग दुसऱ्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने वाचले : “हिंगण्याहून रात्री उशिरा वडील घरी येतात. त्यांच्या आधी त्यांच्या सायकलचा आवाज येतो.” वाचून झाल्यावर ती बसली नाही. ती म्हणाली, “पण मॅडम, आमच्या घरी त्यांना कोणी वडील नाही म्हणत. वडील फक्त फॉर्मवर राहते. आम्ही बाबा म्हणतो, अन् बाबा तर लिहिता येऊन नाही राहिलं.” कोणी हसले नाही. लेखिकाही क्षणभर गप्प होत्या. मग त्यांनी विचारले की ‘वडील’ लिहिल्यामुळे ते वाक्य खोटे झाले का. तिने विचार करून उत्तर दिले की खोटे नाही झाले, पण त्यात ते जरा लांबून येतात. या एका उत्तरासाठी पाऊण तासाचे शाल-श्रीफळ मी माफ केले.

मीही मागे बसून एक वाक्य जुळवले होते : “संत्र्याची साल सोलताना हाताला जो वास येतो, तो रात्री उशीला लागलेला असतो.” वाचायला धीर झाला नाही. नियमांत ते बसते, हे मात्र दोनदा तपासले.

यानंतर त्यांनी दहा मिनिटांत जे सांगितले ते खरे व्याख्यान होते. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा राजकुमार आपली हकिकत ओष्ठ्य वर्णांशिवाय सांगतो, कारण प्रियेने त्याच्या ओठाला दंश केलेला असतो आणि ओठ मिटले की दुखते, हे ऐकून मुले मोठ्याने हसली आणि नियमाला कारण असले की तो किती जिवंत होतो हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. त्या दंडीनेच ‘काव्यादर्शा’त विदर्भाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैदर्भी रीतीची, म्हणजे लेखनशैलीची थोरवी गायली आहे, हे त्यांनी सांगितले नाही, विदर्भात येऊन ही संधी कशी सोडली, याचे मला नवल वाटले. अठराव्या शतकातल्या मोरोपंतांनी रचलेल्या १०८ रामायणांपैकी एक निरोष्ठ, म्हणजे ओष्ठ्य वर्णांशिवायचे आहे, हे मात्र त्यांना ठाऊक होते. म्हणजे तासाभरापूर्वीचे स्वतःचेच विधान त्यांनी नकळत मागे घेतले, आणि मला हरकत घ्यायला काही उरले नाही. पुढे १९६० साली पॅरिसमध्ये रेमों क्नो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी सुरू केलेल्या, स्वतःवर नियम घालून लिहिणाऱ्यांच्या उलिपो या मंडळाविषयी, आणि त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर पूर्णपणे वगळून लिहिलेल्या फ्रेंच कादंबरीविषयी त्या थोडे बोलल्या. फ्रेंचमध्ये ‘ई’ टाळणे म्हणजे काय याचा अंदाज हवा असेल, तर मराठीत काना वर्ज्य करून दहा ओळी लिहून पाहाव्यात.

तेवढ्यात माइक सुरू झाला. तो सुरू झाल्याबरोबर सूत्रसंचालकांनी वेळेची आठवण करून दिली, प्रश्नोत्तरे रद्द झाली, अध्यक्षीय भाषणात पुन्हा साठच्या दशकाची उजळणी झाली आणि आभारप्रदर्शन झाले. मुलांच्या वह्यांत अर्धवट राहिलेली वाक्ये तशीच राहिली. बाहेर चहाबरोबर सांबारवडी होती. कोथिंबिरीला आम्ही नागपूरकर सांबार म्हणतो, हे पाहुण्यांना समजावून सांगण्यात दोन प्राध्यापक गुंतले होते. वडी उत्तम होती, कुरकुरीत आणि आतून ओलसर. ‘सांबारवडी’त ‘ब’ आहे, हे एका मुलाने खाता खाता मोठ्याने जाहीर केले, म्हणजे खेळ अजून चालूच होता.

व्हरांड्यात त्यांच्या पुस्तकांचे टेबल होते. तिथून मी त्यांची नवी कादंबरी घेतली. छापील किंमत ४०० रुपये, सवलतीत ३६० ला मिळाली. ती बांधलेली नाही. जाड पुठ्ठ्याच्या डबीत ३२ सुटी पाने आहेत, त्यांतले पहिले आणि शेवटचे ठरलेले, मधली वाचकाने हवी तशी लावायची. इंग्रजीत बी. एस. जॉन्सन यांनी १९६९ मध्येच २७ सुट्या भागांची कादंबरी डबीतून दिली होती आणि तिथेही पहिला व शेवटचा भाग ठरलेला होता; हे ऋण लेखिकेने झाकणाच्या आतल्या बाजूस छापून मान्य केले आहे, ही गोष्ट मला आवडली. कथा एका जुन्या वाड्याच्या वाटणीची आहे आणि एकेक पान म्हणजे एकेक खोली. भावाभावांत खोल्यांची अदलाबदल चालू असताना वाचकाच्या हातातही पाने खालीवर होत राहतात, त्यामुळे या विषयाला हा घाट शोभतो. सगळीकडे तो तितका साधलेला नाही. आठ-दहा पाने अशी आहेत की ती आधी आली तर आजोबांच्या मृत्यूचा उल्लेख कोड्यासारखा वाटतो आणि नंतर आली तर शिळा वाटतो. तिथे लेखिकेने वाचकावर काम ढकलले आहे. पूर्णविराम कोठेही नाहीत. कागद चांगला आहे, अक्षर सुबक आहे, डबीचे झाकण मात्र इतके घट्ट बसते की ते उघडताना पाने सांडतात, आणि कदाचित तसाच हेतू असावा.

झाडाखालच्या बाकावर बसून मी सवयीने पाने मोजली. ३२ भरली, पण त्यांत ‘माजघर’ दोनदा होते. म्हणजे कोणती तरी एक खोली माझ्या वाड्यात नव्हती, आणि पानांना क्रमांक नसल्याने ती कोणती हे कळायला मार्ग नव्हता. मुद्रितशोधकाच्या आयुष्यात यापेक्षा चमत्कारिक चूक मी पाहिली नाही. शिवाय ही बांधणी विभागाची चूक आहे की कादंबरीचाच भाग आहे, याचीही खात्री देता येईना. टेबलावरच्या विक्रेत्याला विचारले, तर त्याने “प्रयोग असेल, काका,” असे सांगून माझ्याकडे पाठ केली.

शेवटी मी थेट लेखिकेकडे गेलो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, माझी सगळी पाने बाकावर पत्त्यांसारखी मांडली आणि अर्ध्या मिनिटात सांगितले, “काका, तुमच्याकडे माडी नाही.” टेबलावर उरलेल्या सगळ्या डब्या सीलबंद होत्या. तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःची वाचनाची प्रत काढली, तिच्यातले माडीचे पान मला दिले आणि माझे जादा माजघर स्वतःच्या डबीत टाकले. “पुढच्या गावी मला माडी आठवून सांगावी लागेल,” एवढेच त्या म्हणाल्या.

ज्या महाविद्यालयांना त्यांना बोलवायचे असेल त्यांनी मोठे सभागृह घेऊ नये. फळा असलेली एक वर्गखोली, तीस-चाळीस मुले आणि दोन सलग तास द्यावेत, माइक नसला तरी चालेल आणि बहुधा नसलेलाच बरा. पुस्तक विकत घेणाऱ्यांनी डबी तिथेच उघडून पाने तपासून घ्यावीत.

घरी येऊन मी माडीचे पान वाचले. त्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत : मोठ्याने वाचताना श्वास कुठे घ्यायचा त्याच्या लहान उभ्या रेघा, आणि छापलेल्या मजकुरात तीन ठिकाणी आलेला ‘मी’, तिन्ही वेळा बारीक रेघेने खोडलेला. वाक्ये भूतकाळातली आहेत, त्यामुळे कोण जिना चढले ते तरीही कळते.